हौसेची गाडी विकताना

(खातेदारांच्या आर्थिक साक्षरता मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



बचत खाते, मुदत ठेव, नामांकन, विमा हे आपले नेहमीचे विषय. आज थोडे वेगळे बोलायचे आहे. घरातली जुनी छोटी गाडी विकायची वेळ येते तेव्हा काय करावे, हा आजचा विषय. त्यातही मी एका खास गाडीबद्दल बोलणार आहे. मालकाने हौसेने पैसे घालून जिला ‘स्पोर्टी’ केले आहे, अशी गाडी. रुंद टायर, मॅग व्हील, घुमणारा सायलेन्सर, खाली बसवलेले स्प्रिंग, मागे स्पॉयलर, इंजिनाच्या संगणकात केलेला बदल. आपल्या गल्लीत, सोसायटीत अशी एखादी गाडी असतेच. कदाचित ती आपल्याच मुलाची किंवा भाच्याची असेल.

बचतीच्या मेळाव्यात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारेल. आपल्यासारख्या बऱ्याच कुटुंबांत घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी गाडीचीच असते. ती विकून येणारे दोन-अडीच लाख रुपये म्हणजे एखाद्या घरी मुलीच्या कॉलेजची फी असते, एखाद्या घरी वडिलांच्या शस्त्रक्रियेची सोय. असा व्यवहार चुकला, तर पन्नास हजारांची बचत एका दिवसात जाते. कागदपत्रे अर्धवट राहिली, तर गाडी गेल्यावरही जबाबदारी मागे राहते.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. घरात ही म्हण हौसेच्या कौतुकाने म्हटली जाते. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र ती शब्दशः खरी आहे. तिथे हौसेला खरोखरच मोल मिळत नाही. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. ते मी हिशेबाने सांगतो.

गिऱ्हाईक काय पाहते

विकणारा म्हणतो, “गाडीवर दीड लाख खर्च केलाय, तेवढे तरी धरा.” घेणारा ते धरत नाही, आणि त्याची कारणे खरी असतात.

पहिले कारण असे की, गाडी जोरात पळवण्यासाठी तयार केली म्हणजे ती जोरात पळवलीही असणार, असे तो मानतो. क्लच, गिअरबॉक्स, इंजिनाचे माउंटिंग, सस्पेन्शन जास्त झिजले असेल, अशी शंका त्याला येते. मालकाने गाडी जपून वापरली असली तरी ते सिद्ध करता येत नाही.

दुसरे, तुमची आवड ही त्याची आवड नसते. खाली बसवलेली गाडी गतिरोधकावर घासते. कमी उंचीच्या साइडवॉलचे टायर खड्ड्यात लवकर फाटतात. सायलेन्सरचा आवाज विशीतल्या मुलाला आवडतो. छोटी जुनी हॅचबॅक घ्यायला येणारा माणूस बहुधा पहिली गाडी घेणारा असतो, नाहीतर घरातल्या मंडळींना शिकण्यासाठी गाडी शोधत असतो. त्याला ॲव्हरेज, मेंटेनन्स आणि ‘कंपनी फिटिंग’ हवे असते.

तिसरे कारण कायद्याचे आहे, आणि सर्वांत वजनदार तेच आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांबद्दल आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आपल्या आरसीतील तपशील, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, हे स्पष्ट केले.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द लक्षात ठेवा. चार बदल असतील तर गिऱ्हाईक मनातल्या मनात वीस हजारांचा हिशेब करते आणि तेवढे तुमच्या किमतीतून वजा करते.

याचा अर्थ प्रत्येक गोष्ट बेकायदा आहे असा नाही. सीट कव्हर, चटई, म्युझिक सिस्टिम यांनी आरसीतला तपशील बदलत नाही. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापातले टायर आणि रिम चालतात. रंग बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते, कारण आरसीवर रंग लिहिलेला असतो. इंजिन बदलले किंवा सीएनजी किट बसवले तर त्याचीही रीतसर नोंद हवी. काचांबाबत नियम असा आहे की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच कडक आदेश दिले होते. पुढे लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस कारवाईचे आदेश राज्यांना दिले.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर आणखी एक गोष्ट येते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून छोट्या मोटारीच्या या नूतनीकरणाची केंद्राची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. काही राज्यांत त्यावर हरित कर असतो. तपासणीच्या दिवशी मूळ रचनेपासून दूर गेलेली गाडी अडकते. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची बदल केलेली गाडी घेताना गिऱ्हाईक जास्तच भाव पाडते.

कंपनीची स्पोर्टी आणि गॅरेजची स्पोर्टी

इथे एक फरक समजून घ्यावा. काही छोट्या गाड्या कारखान्यातूनच जोरदार निघाल्या. फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय ही २०१३ मध्ये आली. तिला १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. तिच्यात १.४ लिटरचे टर्बो इंजिन होते. अशा गाड्यांचे शौकीन आजही त्या शोधत असतात. गाडी नीट राखलेली असेल तर तिला तिचे गिऱ्हाईक मिळते, कारण तिचा जोर आरसीवर, विमा पॉलिसीवर आणि सर्व्हिस बुकात लिहिलेला असतो.

साध्या पोलोच्या मागच्या दारावर ‘जीटी’ची पट्टी चिकटवली म्हणून आरसीवर जीटी होत नाही. बाजारभाव आरसीवरच्या मॉडेलचा मिळतो, पट्टीचा नाही. जुनी गाडी घ्यायला कर्ज देणारी बँकही मॉडेल, वर्ष, अंतर आणि स्थिती पाहून किंमत ठरवते. जाहिरातीत साध्या गाडीला वरचे मॉडेल म्हणून सांगणे ही तर सरळ फसवणूक आहे.

एक हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या गावातले भाव वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

समजा, एका खातेदाराकडे २०१३ ची एक छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. त्याने पाच वर्षांपूर्वी तिच्यावर असा खर्च केला: मॅग व्हील आणि रुंद टायर ४८,००० रुपये, सायलेन्सर आणि एअर फिल्टर १४,०००, इंजिनाचे रिमॅप २२,०००, खाली बसवणारे स्प्रिंग १८,०००, स्पॉयलर, स्कर्ट आणि सीट २६,०००, म्युझिक सिस्टिम २२,०००. एकूण १,५०,००० रुपये.

तशीच, पण कंपनी फिटिंग असलेली गाडी त्याच्या शहरात २,४०,००० ला जाते. त्याला वाटते आपली ३,९०,००० ला, निदान तीन लाखांना तरी जावी. तीन महिने जाहिरात चालते. फोन येतात ते गाडी पाहायला आणि फोटो काढायला. शेवटी एक दलाल २,१०,००० सांगतो.

आता दुसरा मार्ग पाहू. त्याने मूळ रिम, मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग घरी माळ्यावर ठेवलेले होते. तो गाडी पुन्हा कंपनी फिटिंग करून घेतो. साधे चार टायर १६,००० आणि मजुरी ६,०००, असा खर्च २२,०००. काढलेले सामान तो वेगळे विकतो. व्हील-टायरचे २०,०००, स्प्रिंग आणि फिल्टरचे ८,०००, स्पॉयलर आणि सीटचे ३,०००, म्युझिक सिस्टिमचे ६,०००. मिळाले ३७,०००. खर्च वजा जाता १५,००० हातात राहिले. गाडी बाजारभावाने २,४०,००० ला गेली. एकूण २,५५,०००. पहिल्या मार्गापेक्षा ४५,००० रुपये जास्त.

एक काळजी घ्यावी. आवाज करणारा सायलेन्सर काढल्यावर तो रस्त्यावर वापरण्यासाठी दुसऱ्याला विकू नये. म्हणून मी तो मिळकतीत धरलेलाच नाही. रिमॅप विकता येत नाही, तो पुसून मूळ प्रोग्रॅम परत घालून घ्यावा आणि गॅरेजकडून तशी पावती घ्यावी.

आता नीट पाहा. दीड लाखातले फक्त ३७,००० परत आले, आणि त्यातलेही २२,००० गाडी पूर्ववत करण्यात गेले. हेच दीड लाख पाच वर्षे वार्षिक ६ टक्के चक्रवाढीने ठेवले असते, तर सुमारे दोन लाख झाले असते. मी हौस करू नका म्हणत नाही. तरुण माणसाला गाडीची आवड असते, त्यात वाईट काही नाही. पण वहीत तो पैसा ‘खर्च’ या रकान्यात लिहावा. सहलीचा खर्च आपण परत मागत नाही, तसाच हाही. ‘विकताना वसूल होईल’ या भरवशावर कर्ज काढून केलेला बदल मात्र दोनदा महाग पडतो. एकदा व्याजात, आणि दुसऱ्यांदा विक्रीत.

मूळ सामान जपून ठेवले नसेल तर काय? त्याच मॉडेलचे रिम आणि सायलेन्सर जुन्या सुट्या भागांच्या बाजारात बहुधा मिळतात. आधी दोन ठिकाणी भाव काढा. पूर्ववत करण्याचा खर्च भावातल्या फरकापेक्षा कमी असेल तरच करा. पण ज्या बदलामुळे दंड होऊ शकतो तो काढलाच पाहिजे. तिथे फायद्या-तोट्याचा प्रश्न येत नाही.

खरे सांगण्याने भाव पडत नाही

गाडी दाखवताना काय बदल होते, काय काढले, कोणता अपघात झाला, कोणता भाग रंगवला, हे स्वतःहून सांगावे. गिऱ्हाईक मेकॅनिक घेऊन येते. स्प्रिंगच्या नव्या खुणा, मडगार्डला रुंद टायर घासल्याचे ओरखडे, डॅशबोर्डमागे कापलेल्या वायरी त्याला पाच मिनिटांत दिसतात. लपवलेली एक गोष्ट सापडली की उरलेल्या सगळ्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो, आणि मग भाव पडतो.

सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. मीटरचे किलोमीटर आणि पावतीवरचे किलोमीटर जुळले पाहिजेत. मीटर मागे फिरवून देणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका, तो गुन्हा आहे. मोठ्या व्यासाचे टायर असतील तर मीटरवर खऱ्यापेक्षा कमी अंतर पडलेले असते. तसे असेल तर तेही सांगून टाका. विक्रीपत्रात ‘गाडीत पूर्वी अमुक बदल होते, ते तमुक तारखेला काढून गाडी मूळ स्थितीत आणली आहे’ असे एक वाक्य घाला. उद्या वाद झाला तर ते वाक्य तुमच्याच उपयोगी पडेल.

नाव बदलले तरच गाडी विकली

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पैसे मिळाले, किल्ली दिली, म्हणजे व्यवहार संपला असे समजू नका. आरसीवर तुमचे नाव आहे तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच.

याचे उदाहरण न्यायालयात झालेले आहे. एका मालकाने आपली मारुती ८०० गाडी २००७ मध्ये विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे गेली. आरसीवर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि त्यात एक मुलगा दगावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी हातातून जाऊन वर्षे झाली होती, तरी हिशेब त्याच्या दारात आला.

ही जोखीम स्पोर्टी गाडीच्या बाबतीत जास्त आहे. ती घेणारा बहुधा वेगाचा शौकीन असतो, आणि तिच्या चलनांचे निरोप जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात.

म्हणून हे करा. नमुना २९ ही विक्रीची सूचना, आणि नमुना ३० हा नाव बदलण्याचा अर्ज. त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. दुसऱ्या राज्यात असेल तर पंचेचाळीस दिवसांच्या आत. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. परराज्यात गाडी जाणार असेल तर नमुना २८ मध्ये आपल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. आपले खातेदार इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा शहरांत पसरलेले आहेत. नातेवाइकाला दुसऱ्या राज्यात गाडी विकताना ‘घरचाच माणूस आहे, नंतर करू’ असे म्हणू नका. घरच्या माणसाकडूनही अपघात होतो. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वयाची बंधने आहेत आणि त्यात वेळोवेळी बदल झालेले आहेत. तिथला व्यवहार असेल तर आधी ताजा नियम विचारा.

गाडीवर कर्ज होते आणि ते फिटले असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. बरेच खातेदार शेवटचा हप्ता भरतात आणि बोजा तसाच राहतो. ऐन विक्रीच्या वेळी त्यात आठवडे जातात.

गाडी दलालाला किंवा कंपनीला देणार असाल, तर तो आरटीओचे अधिकारपत्र असलेला विक्रेता आहे का ते पाहा. एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांसाठी नियम आहेत. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद नमुना २९-क मध्ये परिवहनच्या पोर्टलवर होते, आणि मग गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. ‘इथे नुसती सही करा, बाकीचे आम्ही भरतो’ असे कोणी म्हणाले तर सही करू नका. कोऱ्या नमुन्यावरची सही म्हणजे कोऱ्या चेकवरची सही.

विमा आणि फास्टॅग

विमा कंपनीला न सांगता केलेले बदल असतील तर नुकसानभरपाईचा दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी विक्रीला ठेवली असतानाही ती उभी असते, लोक चालवून पाहतात. त्या काळातही विमा चालू आणि खरा हवा.

गाडीची मालकी बदलली की घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. पण तुमचा ‘नो क्लेम बोनस’ हा तुमचा असतो, गाडीचा नाही. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जातो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्या. ते तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतल्यास वापरता येते. हे पत्र न मागितल्यामुळे कितीतरी लोक पुढच्या गाडीला पूर्ण हप्ता भरतात.

फास्टॅग तुमच्या खात्याला किंवा वॉलेटला जोडलेला असतो. तो काढून, ज्या बँकेचा आहे तिथे बंद करा आणि शिल्लक परत घ्या. थकलेली चलने आधी परिवहनच्या संकेतस्थळावर पाहून भरून टाका. गिऱ्हाईक ती पाहणारच आहे.

पैसे घेताना

जाहिरात टाकल्यावर पहिला फोन बहुधा खऱ्या गिऱ्हाइकाचा नसतो. कोणी स्वतःला सैन्यातला जवान म्हणवतो आणि गाडी न पाहताच टोकन पाठवायला तयार होतो. मग क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, “हा स्कॅन करा, पैसे येतील.” एक गोष्ट पाठ करून ठेवा: पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा.

पैसे बँकेतूनच घ्या. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दोन लाखांच्या वरची रक्कम आरटीजीएसने, त्याखालची एनईएफटी किंवा आयएमपीएसने घ्यावी. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास चालतात, त्यामुळे ‘आज रविवार आहे, किल्ली द्या, उद्या पैसे पाठवतो’ याला अर्थ नाही. मोबाइलवर दाखवलेला फोटो किंवा आलेला एसएमएस म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात शिल्लक वाढलेली स्वतः पाहा, आणि मगच किल्ली द्या. डिमांड ड्राफ्ट असेल तर तो काढणाऱ्या शाखेत खात्री करा.

गाडी चालवून पाहायला देताना आधी लायसन्स पाहा, त्याचा फोटो घ्या आणि शेजारी स्वतः बसा. ‘जोर बघायचाय’ म्हणून हायवेवर नेण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा.

कराबद्दल थोडक्यात. घरच्या वापराची गाडी आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरली जात नाही. त्यामुळे ती विकून आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जुन्या गाड्यांवरच्या जीएसटीची चर्चा आपण ऐकली असेल. तो नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. घरची गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकणाऱ्या सामान्य माणसाला तो लागत नाही. गाडी धंद्याच्या नावावर असून तिचा घसारा घेतला असेल तर हिशेब वेगळा होतो. मग आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

भाव ठरवताना

किंमत आधी कागदावर ठरवा. आपल्या मॉडेलच्या, वर्षाच्या आणि किलोमीटरच्या जवळपासच्या पाच जाहिराती पाहा. जाहिरातीतला आकडा हा मागणीचा असतो. व्यवहार त्याच्या खाली होतो. दोन विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्या. त्यातून तुमचा खालचा आकडा ठरवा, आणि घरात सर्वांना सांगा. मग गिऱ्हाइकासमोर गोंधळ होत नाही.

आणि थांबू नका. ‘कदर करणारा शौकीन येईल’ म्हणून वाट पाहणे फुकट नसते. गाडी उभी असली तरी विम्याचे दिवस सरतात, बॅटरी उतरते, टायर कडक होतात, आणि वर्ष पालटले की गाडी आरसीवर एका वर्षाने म्हातारी होते. गाडी फारच जुनी असेल आणि दुरुस्ती परवडत नसेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात देण्याचा मार्गही आहे. केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार तिथे जमा प्रमाणपत्र मिळते, आणि नवी खासगी गाडी घेताना रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची राज्यांना मुभा आहे.

पैसे खात्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात ठरवून टाका. जास्त व्याजाचे कर्ज असेल तर आधी ते फेडा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असताना मुदत ठेव करण्यात अर्थ नाही. नंतर तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवा. उरलेले मुदत ठेवीत घाला. बचत खात्यावर मोकळे राहिलेले पैसे कधी संपले ते कळत नाही.

जाता जाता, ज्यांच्या घरी आज नवी-जुनी गाडी येणार आहे आणि मुलगा मॅग व्हीलचे फोटो दाखवतो आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. बदल करायचा असेल तर कायद्यात बसणारा आणि पुन्हा काढता येणारा करा. काढलेले मूळ सामान कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. आणि जेवढे पैसे लावाल, ते त्याच दिवशी खर्चात लिहा. मग गाडी विकायच्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकाकडे हौसेची किंमत मागणार नाही. गाडीची जी योग्य किंमत असेल तीच मागाल, आणि ती मिळेल.

कोणाची आरसी, विमा किंवा बोज्याच्या कागदाबद्दल शंका असेल तर कागद सोबत घेऊन शाखेत या, आपण बसून पाहू.